धनको, ऋणको आणि जामीनदार

१५ जुलै १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दूरचित्रवाणीवर आले आणि अवघ्या काही मिनिटांत त्यांनी सांगून टाकले की, आपण चीनला भेट देणार आहोत. ज्या कम्युनिस्ट चीनला अमेरिका दोन दशके मान्यताही द्यायला तयार नव्हती, त्या चीनला! बरोबर एक महिन्याने, १५ ऑगस्टला, तेच निक्सन पुन्हा दूरचित्रवाणीवर आले. या वेळी विषय रुक्ष होता. परदेशी सरकारांनी डॉलर आणून दिले तर बदल्यात सोने देण्याची जी हमी अमेरिकेने दिली होती, ती त्यांनी थांबवली. जाता जाता आयात मालावर दहा टक्के जादा शुल्कही बसवले. पहिल्या भाषणाने जग थक्क झाले. दुसऱ्या भाषणाचा अर्थ बँका आणि अर्थखाती यांच्याबाहेर फारसा कोणाला उमगला नाही.

या दोन भाषणांच्या मधल्या दिवसांत, ९ ऑगस्टला, दिल्लीत भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सह्या झाल्या. हा काही निव्वळ योगायोग नव्हता. निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर जुलैत दिल्लीला येऊन पाकिस्तानात गेले, तिथे पोट बिघडल्याची बतावणी केली आणि गुपचूप बीजिंग गाठले. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आपल्याकडे येत असताना पाकिस्तान हा अमेरिका-चीन मैत्रीचा मध्यस्थ बनला होता. दिल्लीला जे समजायचे ते समजले. डिसेंबरात युद्ध पेटल्यावर अमेरिकेचे ‘एंटरप्राइझ’ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले, हे माझ्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. थोरांच्या सोयरिकीत आणि थोरांच्या भांडणात, दोन्हीकडे आपण मध्ये सापडतो, याचा तो पहिला मोठा धडा.

आज अमेरिका आणि चीन यांच्या चढाओढीवर रोज लिहिले-बोलले जाते. त्यात क्षेपणास्त्रे असतात, विमानवाहू जहाजे असतात, कोण किती पुढे याचे तक्ते असतात. ते सारे महत्त्वाचे आहेच. मला मात्र, अर्धी हयात बँकेत गेल्यामुळे असेल, निक्सन यांची ती दोन भाषणे एकत्र वाचावीशी वाटतात. पहिल्याने चीनला जगाच्या बाजाराचे दार किलकिले झाले. दुसऱ्याने अमेरिकेच्या हाती तळ नसलेली थैली आली. आजची चढाओढ या दोन्हींच्या संगमातून जन्मली आहे. दोन पहिलवानांच्या कुस्तीपेक्षा ती धनको आणि ऋणको यांच्या झगड्यासारखी जास्त दिसते. असा झगडा लांबला की ज्याची पत शाबूत तो तरतो. आणि आज चित्र असे आहे की, दोघेही आपापली पत खर्चून एकमेकांना जेरीला आणू पाहत आहेत.

वचनचिठ्ठीचे राज्य

दुसरे महायुद्ध संपत आले असता, जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स या गावी ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. तिथे ठरले ते थोडक्यात असे: बाकीची चलने डॉलरला बांधायची आणि डॉलर सोन्याला. ३५ डॉलर म्हणजे एक औंस सोने. पंचवीस वर्षे हे चालले. मग व्हिएतनामचे युद्ध आणि घरचा खर्च दोन्ही फुगले, बाहेर गेलेले डॉलर तिजोरीतल्या सोन्याच्या मानाने फार झाले आणि फ्रान्ससारखे देश डॉलर परत करून सोने मागू लागले. तेव्हा निक्सन यांनी खिडकीच बंद केली. त्या दिवसापासून डॉलर ही वचनचिठ्ठी झाली. तिच्यामागे आता सोने नाही, फक्त पत आहे. गंमत म्हणजे जगाने ती चिठ्ठी मुकाट्याने घेतली. तेलाचे भाव डॉलरमध्ये, मोठ्या व्यापाराचे हिशेब डॉलरमध्ये आणि अडीअडचणीला चटकन विकता येतील असे सरकारी रोखे एवढ्या प्रमाणात दुसरीकडे कुठे मिळत नव्हते.

चीनने दाराचा उपयोग करायला थोडा वेळ घेतला. माओ १९७६ मध्ये गेले. डिसेंबर १९७८ मध्ये डेंग झियाओपिंग यांनी आर्थिक सुधारणांना हात घातला, १९८० मध्ये हाँगकाँगला लागून असलेल्या शेनझेनला खास आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. त्या वर्षी अमेरिकेने चीनकडून सुमारे १० हजार कोटी डॉलरचा माल घेतला होता. २०१८ मध्ये हा आकडा ५० हजार कोटींच्या वर गेला होता.

आता, मिळालेल्या डॉलरचे चीनने काय केले? ते मोडून युआन घेतले असते तर युआन महागला असता आणि मालाची निर्यात रोडावली असती. म्हणून चीनने त्या डॉलरचे अमेरिकी सरकारचेच कर्जरोखे घेतले. सप्टेंबर २००८ मध्ये जपानला मागे टाकून चीन अमेरिकेचा सर्वांत मोठा परदेशी धनको बनला आणि २०१३ च्या अखेरीस त्याच्याकडचे हे रोखे एक लाख तीस हजार कोटी डॉलरपर्यंत पोचले. आपल्या गावच्या किराणा दुकानात हे दृश्य नवे नाही. गिऱ्हाईक उधारीवर माल नेते, आणि दुकानदार कुरकुरत का होईना उधारी वाढवत राहतो. कारण हे गिऱ्हाईक तुटले तर दुकानच बसेल.

बँकेत असताना एक गोष्ट रोज पाहायला मिळे. पाच-दहा हजारांचा हप्ता थकलेला माणूस शाखाधिकाऱ्याच्या केबिनबाहेर टोपी हातात घेऊन उभा असे. काही कोटी थकवलेला उद्योजक आला की त्याच्यासाठी खुर्ची पुसली जाई आणि चहा मागवला जाई. लहान कर्ज थकले की कर्जदाराची झोप उडते. मोठे थकले की बँकेची. तेव्हा चीनने रोखे घेतले म्हणजे अमेरिकेची शेंडी त्याच्या हाती आली, हे पुष्कळांना वाटत होते ते तितकेसे खरे नव्हते. सगळे रोखे एकदम बाजारात आणले तर भाव पडणार ते चीनच्याच मालमत्तेचे. म्हणून चीन गेली काही वर्षे हळूहळू, आवाज न करता, मोकळा होत आला आहे. २०२५ च्या मध्यास त्याच्याकडे सुमारे ७५ हजार कोटी डॉलरचे रोखे उरले होते.

या व्यवहाराची किंमत दोन्हीकडच्या साध्या माणसांनी मोजली, हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेत २००० साली कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख लोक कामाला होते. २०१० मध्ये ते १ कोटी १५ लाखांवर आले. सगळ्या नोकऱ्या चीनने नेल्या असे नाही. यंत्रांनीही पुष्कळ खाल्ल्या आणि २००८ च्या मंदीनेही. पण फर्निचर, कपडे, खेळणी बनवणारी गावेच्या गावे ओस पडली, हे खरे. गिरणगाव ज्यांनी उजाड होताना पाहिले त्यांना त्या गावांतला संताप समजावून सांगायला नको. आणि चीनच्या कामगाराने बारा-बारा तास राबून जे मिळवले, त्याचा मोठा हिस्सा त्याच्या पोरांच्या वाट्याला न येता परक्या सरकारच्या रोख्यांत जाऊन बसला.

वेगळ्या चुली आणि एकच वाडा

हे सगळे ‘नवे शीतयुद्ध’ आहे असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला हा शब्द घाईचा वाटतो. जुने शीतयुद्ध दोन वेगळ्या घरांतले होते. मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतले अधिकारी जॉर्ज केनन यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये वॉशिंग्टनला एक लांबलचक तार पाठवली आणि पुढच्या वर्षी टोपणनावाने लेख लिहिला. सोव्हिएत सत्तेला तिच्या हद्दीत रोखून धरा, धीर धरा, आतली दुबळेपणाची बीजे आपोआप उगवतील, असा त्याचा मथितार्थ होता. हा सल्ला अंमलात आणणे सोपे होते, कारण दोघांच्या चुली वेगळ्या होत्या. अमेरिकन गृहिणीच्या घरात सोव्हिएत बनावटीची वस्तू औषधालाही सापडत नव्हती. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा सोव्हिएत तिजोरीला भगदाड पडले, पण अमेरिकेतले एकही दुकान बंद पडले नाही. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मावळला, आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कचा बाजार नेहमीसारखा चालू होता.

अमेरिका आणि चीन यांचे भांडण ही भाऊबंदकी आहे. एकच वाडा, एकच विहीर, सामाईक भिंती. दुसऱ्याच्या खोलीचे वासे काढायला जावे तर आपले छप्पर खाली येते. म्हणून काही जण म्हणतात, इतके गुंतलेले देश लढणारच नाहीत. हा दिलासा जुना आहे. १९१० च्या सुमारास नॉर्मन एंजेल या इंग्रज लेखकाचे ‘द ग्रेट इल्यूजन’ हे पुस्तक गाजत होते. व्यापाराने इतक्या बांधलेल्या जगात युद्ध जिंकणाऱ्यालाही परवडणार नाही, हे त्याने दाखवून दिले होते. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते. १९१४ मध्ये दोघेही युद्धात उतरले. एंजेलचा हिशेब चुकला नव्हता. युद्ध खरोखरच कोणाला परवडले नाही. पण माणसे परवडते म्हणून लढत नाहीत. ती भीतीपोटी लढतात, मानापमानापोटी लढतात. अमेरिकी अभ्यासक ग्रॅहम अॅलिसन यांनी गेल्या पाचशे वर्षांतली उगवत्या आणि प्रस्थापित सत्तांची १६ उदाहरणे तपासली, त्यांतल्या १२ चा शेवट युद्धात झाला. आज दोघांपाशीही अण्वस्त्रे आहेत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण निर्धास्त राहण्याचे कारणही त्यात नाही.

कर्जाचा अर्ज आला की आम्ही ताळेबंदाबरोबर त्या माणसाचा पूर्वेतिहासही पाहत असू. चीनचा पूर्वेतिहास पाहायला आपल्याला मुंबईबाहेर जावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापसाबरोबर या अफूच्या व्यापारातूनही आली, आणि त्यातूनच जे. जे. रुग्णालयासारखी पुण्यकर्मे उभी राहिली. चीनच्या सरकारने अफू जप्त करून नष्ट केली तेव्हा ब्रिटनने युद्ध पुकारले. १८४२ च्या नानकिंग तहात चीनला हाँगकाँग द्यावे लागले, पाच बंदरे उघडावी लागली आणि वर २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरावे लागले. त्यात नष्ट केलेल्या अफूची भरपाईदेखील होती! चिनी शाळांतून आजही ‘मानहानीचे शतक’ शिकवले जाते ते इथून सुरू होते. आजच्या चिनी राज्यकर्त्यांची दडपशाही, शेजाऱ्यांच्या हद्दीत सरकत जाण्याची रीत, यांचे समर्थन त्यातून होत नाही. गलवानमध्ये जून २०२० मध्ये आपले २० जवान गेले, त्याचेही नाही. पण समोरचा माणूस व्यापाराच्या टेबलावर बसताना मनात कोणती वही घेऊन बसला आहे, हे ठाऊक असावे.

पत खर्च होते कशी?

पत हे शस्त्र आहे, हे अमेरिकेने जगाला एकदा झकास दाखवून दिले होते. १९५६ च्या हिवाळ्यात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इस्रायलशी संगनमत करून सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर चढाई केली. लष्करी दृष्ट्या त्यांचे बरे चालले होते. पण पौंडावर दडपण आले, गंगाजळी आटू लागली, आणि सैन्य मागे घेतल्याशिवाय नाणेनिधीची मदत मिळू द्यायची नाही असे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सरकारने ठरवले. जवळचा मित्र, महायुद्धातला जोडीदार. पण धनकोने डोळे वटारले आणि साम्राज्याला माघार घ्यावी लागली. अमेरिकेची एकही गोळी त्यात खर्ची पडली नाही.

तेव्हा अमेरिका जगाची धनको होती. आज ती सर्वांत मोठी ऋणको आहे, तरी धनकोची जरब तिने सोडलेली नाही. कारण वचनचिठ्ठ्यांचे कारकुनी काम अजून तिच्याच कचेरीत चालते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३० हजार कोटी डॉलरची गंगाजळी गोठवली. कृती नैतिक दृष्ट्या समजण्यासारखी होती. पण एका खातेदाराचे खाते गोठवले की काउंटरपुढच्या रांगेतले बाकीचे खातेदार आपापली पासबुके चाचपू लागतात. जगातल्या मध्यवर्ती बँकांनी २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत दरसाल हजार टनांहून जास्त सोने घेतले ते उगाच नाही. जगाच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा शतकाच्या आरंभी सत्तर टक्क्यांच्या वर होता; २०२४ च्या अखेरीस तो ५८ टक्क्यांच्या आसपास आला.

चीनशी तर गेली काही वर्षे पायरीपायरीने चालले आहे. २०१८ मध्ये आयात शुल्के बसली. मे २०१९ मध्ये हुआवे कंपनीवर निर्बंध आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वांत प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला मिळू नयेत असे नियम झाले. ट्रम्प यांनी सुरू केलेले बायडन यांनी पुढे नेले; म्हणजे हा एका माणसाचा लहरीपणा नाही, तिथल्या दोन्ही पक्षांचा तो कौल आहे. एप्रिल २०२५ मध्ये तर अमेरिकेचे शुल्क १४५ टक्क्यांवर आणि चीनचे १२५ टक्क्यांवर गेले. एवढ्या शुल्कात व्यापार होत नाही, फक्त भांडण होते. मे महिन्यात जिनिव्हात दोघांनी आकडे खाली आणले.

मग चीननेही आपली किल्ली बाहेर काढली. मोटारीपासून क्षेपणास्त्रापर्यंत लागणारे शक्तिशाली चुंबक ज्या दुर्मीळ मृदा खनिजांपासून बनतात, त्यांच्या शुद्धीकरणाचा सुमारे ९० टक्के धंदा चीनमध्ये आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांतल्या सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन आले. भांडण अमेरिकेशी, पण जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोला सांगावे लागले की, चुंबकच नसल्याने ऑगस्टमध्ये विजेवरच्या चेतकचे उत्पादन थांबू शकते. आकुर्डी-चाकणच्या कामगाराला वॉशिंग्टन-बीजिंगच्या भांडणाची झळ लागते ती अशी.

पण चीनचीही पत यात खर्ची पडतेच. २०१० मध्ये बोटींच्या टकरीवरून वाद झाला तेव्हा चीनने जपानची ही खनिजे अडवली होती. जपानने बोध घेतला, ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसा घातला, आणि चीनवरचे त्याचे अवलंबन सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आले. ज्या दुकानदाराने एकदा तोंडावर फळी लावली, त्याच्याकडे जाणारे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाचा पत्ता खिशात ठेवू लागते.

दोन ताळेबंद

दोघांचे ताळेबंद शेजारी ठेवले तर काय दिसते? अमेरिकेचे सरकारी कर्ज ऑक्टोबर २०२५ मध्ये ३८ लाख कोटी डॉलरच्या वर गेले. २०२४ च्या आर्थिक वर्षात व्याजाचा खर्च संरक्षणाच्या खर्चाहून जास्त झाला. मे २०२५ मध्ये मूडीज या संस्थेनेही अमेरिकेचा सर्वोच्च पतदर्जा काढून घेतला. बाकीच्या दोघींनी तो २०११ आणि २०२३ मध्येच काढला होता. घरातला कर्ता पुरुष असे वागला असता तर आपण काय म्हटले असते? पण जमेची बाजूही तशीच दांडगी आहे. जगातली हुशार पोरे अजून तिथल्या विद्यापीठांकडे डोळे लावून असतात, संशोधनाला भांडवल मिळते, आणि सरकारविरुद्ध कोर्टात जाऊन जिंकता येते. ही शेवटची गोष्ट तर मी सर्वांत वर मांडेन. पतदर्जा देणाऱ्या संस्थांच्या तक्त्यात ती ठळक दिसत नसली, तरी डॉलरमागचे खरे सोने तेच आहे.

चीनकडे कारखाने आहेत. जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांचे निम्म्याहून जास्त टनभार एकटा चीन बांधतो. लष्करी खर्चात तो अजून मागे आहे. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये अमेरिकेने जवळजवळ एक लाख कोटी डॉलर खर्चले, चीनने ३१ हजार कोटींच्या आसपास. पण कारखाना हाताशी असेल तर हे अंतर तोडायला वेळ लागत नाही. उणे बाजूला काय? २०२२ पासून लोकसंख्या घटू लागली आहे. ‘एव्हरग्रांड’ ही बांधकाम कंपनी ३० हजार कोटी डॉलरच्या देण्याखाली बुडाली आणि जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला. घरासाठी आयुष्याची पुंजी घालून बसलेल्या मध्यमवर्गीयांचे तिथे काय झाले असेल, हे आपल्याकडे बिल्डरच्या दारात खेटे घातलेल्यांना विचारावे. आणि एवढा मोठा धनको असूनही जगाच्या गंगाजळीत युआनचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. पैसे भरायला सोपी, पण काढताना साहेबांची सही लागणारी बँक असेल तर तिथे ठेव कोण ठेवणार?

दोघांच्या मध्ये तैवान आहे. सामुद्रधुनीची रुंदी जिथे सर्वांत कमी तिथे ती सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याहूनही थोडी कमी. १९८७ मध्ये स्थापन झालेली तैवानची टीएसएमसी कंपनी जगातल्या सर्वांत प्रगत चिपपैकी ९० टक्क्यांच्या आसपास बनवते. अमेरिकेच्या संगणकांना त्या हव्यात, चीनच्या कारखान्यांना हव्यात, आपल्या खिशातल्या फोनलाही हव्यात. त्यामुळे तज्ज्ञ मंडळी तैवानबद्दल तारण ठेवलेल्या मालमत्तेसारखे बोलतात. तिथे २ कोटी ३० लाख माणसे राहतात, आपले सरकार मतदानाने निवडतात, मुलांना शाळेत पाठवतात. जप्तीची भाषा घराबद्दल होते तेव्हा आत राहणाऱ्यांना कोणी विचारत नाही, हे मी नोकरीत पाहिले आहे. या साऱ्या हिशेबात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

जामीन राहू नये

आणि आपण? १९९१ चे वर्ष मी विसरू शकत नाही. मी तेव्हा मुंबईत तरुण अधिकारी होतो. देशाची गंगाजळी जेमतेम शंभर-सव्वाशे कोटी डॉलरवर आली होती. दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने विमानाने लंडनला गेले, बँक ऑफ इंग्लंडमध्ये तारण म्हणून. आमच्या कॅन्टीनमध्ये एरवी क्रिकेटवरून वाद घालणारी माणसे त्या दिवसांत गप्प असायची. घरातली बाई अंगावरचे दागिने काढून देते तेव्हा घरात जी शांतता पसरते, तशी. पुढे दिवस पालटले. २००९ मध्ये आपणच नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले, आणि २०२३-२४ या वर्षात ब्रिटनमध्ये ठेवलेले १०० टन सोने घरी आणले. सप्टेंबर २०२४ मध्ये गंगाजळी ७० हजार कोटी डॉलरच्या वर गेली.

म्हणजे आज आपण तेव्हाइतके अगतिक नाही. पण निवांतही नाही. २०२४-२५ मध्ये चीनशी आपला व्यापार सुमारे ९,९०० कोटी डॉलरच्या तुटीत होता. आपण बाहेरून आणतो त्या औषधी कच्च्या मालाचा मोठा भाग चीनमधून येतो; आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावर नाव इथल्या कंपनीचे असले तरी आतले द्रव्य तिथले असू शकते. दुसरीकडे, आपल्या कितीतरी घरांतला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाच्या तेलाचे निमित्त करून त्याच अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले. त्याच महिन्याच्या शेवटी आपले पंतप्रधान तियानजिनला चीनच्या अध्यक्षांना भेटले. एकाने चिमटा काढला की दुसऱ्याशी हसून बोलायचे, हे मुत्सद्देगिरीत चालायचेच. पण त्याला धोरण म्हणता येत नाही.

आपल्या घरांतून वडीलधारी माणसे एक गोष्ट बजावून सांगत: उसने द्या, जमले तर दान द्या, पण कोणाला जामीन राहू नका. जामीनदाराला कर्जातला एक पैसा मिळत नाही. नोटीस मात्र पहिली त्याच्या घरी येते. पगारातून दुसऱ्याचे हप्ते कापले जाताना पाहिलेली माणसे मला नावानिशी आठवतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी भिडेपोटी सही केली होती. कोणी मेहुण्यासाठी, कोणी साहेबांच्या शब्दाखातर.

राष्ट्रांनाही भीड घातली जाते. एक म्हणतो, लोकशाहीसाठी आमच्या बाजूने सही करा. दुसरा म्हणतो, आशिया आशियाईंचा, इथे करा. पहिल्याशी आपला स्वभाव जास्त जुळतो, हे मान्य करायला लाजू नये. राज्यघटना आणि मोकळी वर्तमानपत्रे यांचे मोल आपल्याला आहे. दुसरा सख्खा शेजारी आहे आणि सीमेवर त्याचे सैन्य उभे आहे, हेही विसरू नये. दोघांशी व्यवहार करावा, दोघांकडून शिकावे, सीमा मजबूत ठेवावी. पण दुसऱ्याच्या भांडणाचे देणे आपल्या अंगावर येईल अशा कागदावर सही करू नये. सही न करण्याची ऐपत मात्र भाषणांनी येत नाही. ती येते औषधांचा कच्चा माल इथे बनवल्याने, चुंबकाचा आणि चिपचा दुसरा पुरवठादार वेळेवर शोधल्याने, आणि ज्यांना बाहेर जावेच लागू नये अशी विद्यापीठे पोरांसाठी उभी केल्याने. ही कामे वीस-वीस वर्षांची आहेत. जपानने २०१० नंतर एका खनिजासाठी ती चिकाटी दाखवली. आपण १९९१ नंतर गंगाजळीच्या बाबतीत दाखवली. म्हणजे जमत नाही असे नाही.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले आणि एकमेकांवरची काही बंधने वर्षभरासाठी मागे ठेवायचे ठरले. बाजार खूश झाले. बँकेच्या भाषेत याला मुदतवाढ म्हणतात. मुदतवाढ मिळालेल्या खात्यात मुद्दल तसेच असते, व्याज चालू असते, आणि शहाणा अधिकारी त्या खात्यावर दर महिन्याला नजर ठेवतो. सोव्हिएत संघासारखा एका डिसेंबरात या भांडणाचा निकाल लागेल, अशी वाट पाहणाऱ्यांची निराशा होण्याचा संभव आहे. अशा मुदतवाढी आपली नातवंडे मोठी होईपर्यंत चालतील. तोवर आपल्या घरची कोणती कामे पुरी करून ठेवायची, एवढेच आपल्या हातात आहे, आणि ते थोडे नाही.